चाल कुठे गेली? जोनी मिचेलचा १९७५ चा अल्बम आणि त्यावरचा निकाल

अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने गायिका जोनी मिचेलच्या ‘द हिसिंग ऑफ समर लॉन्स’ला १९७५ सालचा सर्वांत वाईट अल्बम ठरवलं होतं, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. मासिकाने वर्षातलं सर्वांत वाईट नाव म्हणून त्या अल्बमच्या शीर्षकाची निवड केली होती. टीका नावावर होती, संगीतावर नव्हती. पण पुढे ‘नाव’ हा शब्द गळून पडला, ‘सर्वांत वाईट’ तेवढं उरलं, आणि खुद्द मिचेलही मुलाखतींमधून तसंच सांगत राहिली. एका गायिकेने शैली बदलली तेव्हा तिला नेमकं काय ऐकवलं गेलं आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात ते या प्रकरणात दिसतं. म्हणूनच मला ते नीट मांडावंसं वाटतं.

आधी १९७५ पर्यंतची जोनी मिचेल. जन्म १९४३, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, आणि वाढली सस्कॅच्युवानमधल्या सास्काटून शहरात. नवव्या वर्षी पोलिओ झाला. त्यामुळे डावा हात कमजोर राहिला आणि गिटारवर नेहमीच्या पद्धतीने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरणं अवघड झालं. मग तिने ताराच वेगळ्या लावायला सुरुवात केली. गाण्यागणिक वेगळी जुळणी, त्यातून निघणारे कुणाकडेच न ऐकलेले कॉर्ड. तिच्या संगीताचा सगळा पुढचा प्रवास या एका तडजोडीतून निघालेला आहे. १९७१ चा ‘ब्लू’ आला तेव्हा तिने स्वतःला इतकं उघडं केलं होतं की, गायक-गीतकार क्रिस क्रिस्टोफरसनने तिला स्वतःसाठी काही तरी राखून ठेव, असं सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांना मात्र तेच हवं होतं. ‘मी’ म्हणणारी, प्रेमात पडणारी, घर सोडणारी, रडू आवरणारी मुलगी आणि तिच्या मांडीवरची गिटार. या ‘मी’शी लोकांचं नातं जुळलं ते इतकं घट्ट, की ती पुढे कधी ‘ती’ आणि ‘तो’ यांच्याबद्दल लिहील, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

जानेवारी १९७४ मध्ये ‘कोर्ट अँड स्पार्क’ आला. त्यात टॉम स्कॉटच्या एल.ए. एक्स्प्रेस या जॅझ वादकांच्या ताफ्याची साथ होती, पण गाणी गुणगुणता येणारी होती. अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, ‘हेल्प मी’ हे गाणं सातव्यापर्यंत. तिचं व्यावसायिक यश यापेक्षा वर कधी गेलं नाही. त्याच वर्षी याच ताफ्याबरोबरच्या मैफलींचा ‘माइल्स ऑफ आइल्स’ निघाला. त्यात एका जागी ती गाण्याआधी श्रोत्यांशी बोलते. चित्रकार एकदा चित्र काढतो, कुणी तरी विकत घेतं, संपलं. व्हॅन गॉगला कुणी म्हणालं नाही, ते चांदण्या रात्रीचं चित्र परत एकदा काढ बुवा. श्रोते हसतात. मग ती त्यांचं ऐकून जुनं गाणं म्हणते. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या वर्षी जे घडलं त्याची सूचना तिथे हसत हसत दिलेली होती. ती स्वतः चित्रकार. आधी चित्रकार आणि मग परिस्थितीने गायिका, असंच ती स्वतःबद्दल सांगत आली आहे.

नोव्हेंबर १९७५ मध्ये ‘द हिसिंग ऑफ समर लॉन्स’ असायलम कंपनीने बाजारात आणला. उन्हाळ्यात हिरवळीवर फिरणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांचा सूंऽऽ असा आवाज, हे त्या नावामागचं चित्र. आवरणावर तिनेच काढलेलं रेखाटन आहे. काही आदिवासी माणसं एक भलामोठा साप खांद्यावरून वाहून नेत आहेत आणि मागे शहराच्या इमारती. आवरण उघडलं की आत निळ्या तलावात तरंगणारी ती स्वतः. आतल्या मजकुरात तिने लिहिलं होतं की चित्र, संगीत, शब्द आणि योगायोग मिळून हे एकच काम आहे, आणि त्यातलं गूढ कुणासाठी उकलून दाखवण्याचा आपला इरादा नाही. समीक्षकांच्या हाती अल्बम पडला तो या अटीसह.

पहिलं गाणं पुष्कळांना ओळखीचं वाटलं असणार. १९५० च्या दशकातली तरुणाई, रॉक अँड रोल, मागे ग्रॅहम नॅश, डेव्हिड क्रॉस्बी आणि जेम्स टेलर या मित्रांचे आवाज. सगळं कसं खुललेलं, मोकळं. आणि मग दुसरं गाणं सुरू होतं.

‘द जंगल लाइन’. सुरुवातीलाच ढोल. एक दोन नव्हे, ढोलांचा अख्खा मेळा, आणि तोही स्टुडिओत वाजवलेला नाही. १९६० च्या दशकात फ्रेंच ध्वनिमुद्रकांनी मध्य आफ्रिकेतल्या बुरुंडीत जाऊन टिपलेल्या वादनाचा तुकडा तिने घेतला, तो फिरवत ठेवला, आणि त्यावर मूग नावाच्या सिंथेसायझरची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याची, जाडजूड, घरघरणारी रेघ ओढली. गिटार आहे, पण तिच्यावर गाणं उभं नाही. पियानो नाहीच. शब्दांत आंरी रूसो हा फ्रेंच चित्रकार आहे. आयुष्यात फ्रान्सबाहेर पाऊल न टाकता ज्याने घनदाट जंगलं रंगवली तो. त्याचं जंगल ती न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांत, उंच इमारतींच्या तळाशी आणून सोडते. ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून त्यावर नवं गाणं रचण्याची पद्धत पुढे हिप हॉपच्या काळात सगळीकडे पसरली. १९७५ मध्ये, हातात गिटार घेतलेल्या लोकगायिकेकडून ते येणं हा धक्काच होता.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुसऱ्या गाण्यावरच थांबले होते. रेकॉर्डमध्ये काही तरी बिघाड असावा असं वाटलं, खरंच. पुन्हा ऐकायला मला बरेच महिने लागले. त्यामुळे त्या वेळच्या समीक्षकाला तो अल्बम पचला नाही, यावर मी त्याला दोष देऊ शकत नाही.

पुढची गाणी आणखी अवघड, पण वेगळ्या अर्थाने. ढोल जातात आणि येतो गुळगुळीत, गारव्याचा जॅझ. लॅरी कार्लटनची गिटार, जो सॅम्पल आणि व्हिक्टर फेल्डमन यांची कीबोर्ड, जॉन गेरिनचे ड्रम्स. या संगीताच्या पार्श्वभूमीवर माणसं येतात. छोट्या गावातला दादा आणि त्याने नव्याने पटवलेली मुलगी. जुन्या सिनेमाच्या नायिकेसारखं जगू पाहणारी अमेरिकेच्या दक्षिणेतली स्त्री. डोंगरावरच्या बंगल्यात, कुंपण आणि फवाऱ्यांच्या आत राहणारी बायको, जिला नवऱ्याने बाकीच्या वस्तूंबरोबर जमवून ठेवलं आहे. ‘मी’ जवळजवळ दिसेनाशी झालेली. कबुलीजबाब संपले, निरीक्षण सुरू झालं.

‘हॅरीज हाउस’ हे मला या सगळ्यांत सर्वांत धाडसी वाटतं. कामानिमित्त न्यूयॉर्कला गेलेला नवरा, विमानं, हॉटेलं, मीटिंगा. घरी बायको. मध्येच गाण्याची जमीन बदलते आणि हॅरी ‘स्वीट्स’ एडिसन व जॉन हेंड्रिक्स यांची ‘सेंटरपीस’ ही जुनी ब्लूज सुरू होते, जो सॅम्पलच्या पियानोवर, मजेत, झुलत. घर, संसार, तूच माझं सगळं, असलं काही तरी गोड. नवऱ्याच्या डोक्यात त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांचं स्वप्न चाललेलं असावं तसं. मग ते स्वप्न तुटतं, पहिलं कोरडं संगीत परत येतं आणि बायको तिला जे सांगायचं ते सांगून टाकते. एका लग्नाचा निकाल दोन संगीतशैलींच्या सांध्यावर लागतो. शब्दांनी जे सांगितलं असतं तर भाबडं वाटलं असतं, ते तिने वाद्यमेळावर सोपवलं.

आता ‘रोलिंग स्टोन’मधलं परीक्षण. १९७६ च्या सुरुवातीला समीक्षक स्टीफन होल्डनने ते लिहिलं. लोक समजतात तसं ते झोडपणारं अजिबात नाही. शब्दांना त्याने मनापासून दाद दिली, त्यांना साहित्याचा दर्जा दिला. तक्रार संगीताबद्दल होती. त्याच्या मते या अल्बममध्ये नाव घेण्याजोग्या चालीच नाहीत, हार्मनीला केंद्र उरलेलं नाही, आणि एल.ए. एक्स्प्रेसच्या वादकांचा जॅझ-रॉक तिच्या स्वभावाच्या विरुद्ध जातो. शेवटी त्याने सल्ला दिला: आधी वाचा, मग वाजवा. म्हणजे कविता उत्तम, गाणं आड येतं.

यातलं वर्णन मला जवळजवळ पूर्ण बरोबर वाटतं. निष्कर्ष चुकला.

चाल म्हटलं की आपण मराठी श्रोते काय शोधतो? मुखडा. भावगीतावर पोसलेला आपला कान पहिल्या दोन ओळींत गाणं ताब्यात घेतो, अंतरा कुठेही भटकून आला तरी मुखड्यावर परतला की घरी आल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या पॉप ऐकणाऱ्याची सवय फार वेगळी नव्हती. त्याला ध्रुवपद हवं असतं. या अल्बममधल्या बहुतेक गाण्यांना परत परत येणारं ध्रुवपदच नाही. फार तर कडव्याच्या शेवटी एखादी ओळ खूण पटवते. आवाज बोलण्याच्या लयीत चालतो, मध्येच थबकतो, एका श्वासात वीस अक्षरं भरतो आणि पुढच्या शब्दावर लांब रेंगाळतो. घरी येण्याची जागा नाही. होल्डनने ऐकलं ते हेच.

केंद्र नाही, हेही खरं. तिचे कॉर्ड पुष्कळदा सस्पेंडेड प्रकारचे असतात. त्यांतला एक सूर मुद्दाम अडकवून ठेवलेला असतो, त्यामुळे कॉर्ड ना पुरता आनंदी वाटतो ना दुःखी, आणि पुढे काही तरी यायचं आहे असं सतत वाटत राहतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गाणं समेवर यायला तयार नसतं. नेहमीच्या संगीतात असा कॉर्ड क्षणभर येतो आणि सुटतो. ती एका अडकलेल्या कॉर्डवरून दुसऱ्या अडकलेल्या कॉर्डवर जाते. तिने यांना प्रश्नांचे कॉर्ड म्हटलं आहे. बंगल्यातली ती बायको घर सोडत नाही, तिथे सुखीही नाही. अशा बाईच्या गाण्याचा शेवट ठाशीव समेवर झाला असता तर तो खोटा ठरला असता. म्हणजे समीक्षकाने जिथे संगीत शब्दांच्या आड येतं असं म्हटलं, नेमकं तिथेच संगीत शब्दांचं काम करत होतं. आधी वाचून मग वाजवलं तर ही गंमत हातून जाते, कारण कागदावर ती बायको फक्त एक पात्र आहे. सुरांत तिची घुसमट आहे.

वादकांबद्दलचं मत मात्र मी सरसकट खोडून काढणार नाही. काही जागी तो जॅझ फारच तुकतुकीत आहे, हॉटेलच्या लॉबीत वाजावा तसा. माझ्या दृष्टीने श्रीमंत वस्तीच्या गोष्टीला ते शोभतं. पण कुणाला ते निर्जीव वाटलं तर त्याच्या कानाला मी खोटं म्हणणार नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘हेजिरा’मध्ये जॅको पॅस्टोरियसची फ्रेटलेस, म्हणजे मानेवर पट्ट्या नसलेली, बेस गिटार आली आणि साथीला असा स्वतंत्र आवाज मिळाला की मागच्या अल्बमची उणीव तिलाही जाणवली असावी, अशी शंका येते.

शैली बदलल्याबद्दल तिला धारेवर धरणाऱ्यांनी एक प्रश्न त्या वेळी फारसा विचारलाच नाही, आणि तो मला आज सर्वांत जास्त टोचतो. बुरुंडीचे ते वादक कोण होते? अल्बमच्या श्रेयनामावलीत उल्लेख आहे तो बुरुंडीच्या योद्ध्यांचे ढोल असा. एकाही वादकाचं नाव नाही. शिवाय बुरुंडीतलं हे ढोलवादन युद्धापेक्षा राजाच्या दरबाराशी आणि विधींशी जोडलेलं. युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली तीही राजढोलाचं विधिनृत्य म्हणून. फ्रान्स न सोडता जंगल रंगवणाऱ्या चित्रकारावरच्या गाण्यात, आफ्रिकेत न जाता आणलेले ढोल. हे साम्य मिचेलला दिसत असणार, कदाचित तेच तिचं म्हणणं असेल. तरीही ज्या हातांनी ते ढोल वाजवले ते अनामिक राहिले, आणि त्या काळच्या चर्चेला चाल हरवल्याचं दुःख होतं, नावं हरवल्याचं नव्हतं.

विक्रीकडे पाहिलं तर ‘नाकारलेला अल्बम’ ही गोष्टही पुरती टिकत नाही. तो बिलबोर्डवर चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला, विक्रीसाठीचा ‘गोल्ड’ दर्जा मिळवला, आणि त्याच्यासाठी तिला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. मागच्या अल्बमच्या पुण्याईवर लोकांनी तो आधी विकत घेतला असेल, हे मान्य. परिणाम दिसला तो सावकाश. ‘हेजिरा’ तेराव्या क्रमांकावर थांबला, १९७७ चा ‘डॉन हुआन्स रेकलेस डॉटर’ पंचविसाव्या. मरणाच्या दारात असलेल्या जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगसबरोबर केलेला १९७९ चा ‘मिंगस’ सतराव्या. रेडिओवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे एका परीक्षणाने तिला पाडलं असं नाही. तिने प्रत्येक वेळी पुढचं वळण घेतलं आणि दर वळणावर काही माणसं गाडीतून उतरत गेली.

त्याच १९७९ मध्ये पत्रकार कॅमेरॉन क्रोला दिलेल्या मुलाखतीत तिने हे स्वच्छ सांगून टाकलं. आहात तसेच राहिलात तर त्यासाठी सुळावर देतील, बदललात तर त्यासाठी. तसंच राहणं कंटाळवाणं आहे, बदल रंजक आहे, तेव्हा द्यायचंच तर बदलण्यासाठी द्या. या वाक्याचा दरारा मोठा आहे, पण त्यामागची जखमही लपत नाही. मला वाटतं, ‘सर्वांत वाईट अल्बम’ ही चुकीची आठवण याच जखमेतून तयार झाली. होल्डनने तिच्या शब्दांची केलेली स्तुती तिच्या लक्षात राहिली नाही, कारण ती स्तुती ‘ब्लू’च्या जोनीला मिळाली होती, कवयित्रीला. १९७५ मध्ये तिने जीव ओतला होता तो सुरांच्या रचनेत. संगीतकार म्हणून पुढे टाकलेल्या पावलावर शाबासकी मिळावी ती अक्षरांबद्दल, आणि पाऊल मात्र चुकलं म्हणून सांगितलं जावं, यासारखं बोचरं दुसरं काय असेल? एखाद्या शिव्या देणाऱ्या परीक्षणाने तिला इतकं लागलं नसतं.

स्त्री असण्याचा भाग यात किती? आकड्यांत सांगता येणार नाही. पण पुरुषाने गिटार टाकून वाद्यमेळ उभा केला की त्याला महत्त्वाकांक्षा म्हणतात, आणि बाईने केलं की तिचा खरा स्वभाव हरवला म्हणतात, ही तक्रार होल्डनच्या ‘स्वभावाच्या विरुद्ध’ या मुद्द्यातही ऐकू येते. तिचा स्वभाव काय आहे हे ठरवण्याचा हक्क ऐकणाऱ्यांकडे कधी गेला?

अल्बम आला तेव्हा मिनीॲपोलिसमध्ये एक सतरा वर्षांचा मुलगा होता, पुढे पॉपस्टार झालेला प्रिन्स. तो तिला चाहत्याची पत्रं लिहायचा. १९८५ मध्ये, ‘पर्पल रेन’च्या यशानंतर, त्याने ‘रोलिंग स्टोन’लाच सांगितलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवडलेला शेवटचा अल्बम म्हणजे ‘द हिसिंग ऑफ समर लॉन्स’. दहा वर्षांपूर्वी ज्या पानांवर चाली नाहीत असा निकाल लागला, त्याच मासिकात त्या काळातल्या सर्वांत मोठ्या चालकारांपैकी एकाची ही साक्ष. समीक्षकाला न सापडलेली चाल त्या मुलाला सापडली होती, कारण तो ध्रुवपद शोधत नव्हता. बेस, ढोल, एकावर एक रचलेले तिचेच आवाज, हे त्याने मूळ गाणं म्हणूनच ऐकलं. त्याच मासिकाच्या २०२० च्या सर्वोत्तम पाचशे अल्बमांच्या यादीत आज या अल्बमला जागा आहे. ‘ब्लू’ तर तिसऱ्या क्रमांकावर.

आणि सप्टेंबर २००७ मध्ये जॅझ पियानोवादक हर्बी हॅन्कॉकने तिच्या गाण्यांचा ‘रिव्हर: द जोनी लेटर्स’ काढला. सोबत सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर. पुढच्या फेब्रुवारीत त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, जॅझच्या अल्बमला चाळीसहून अधिक वर्षांनी. त्यात १९७५ च्या या वादग्रस्त अल्बममधली दोन गाणी आहेत. त्या गावच्या दादाचं गाणं टीना टर्नरने म्हटलं, आणि शेवटचं, ‘द जंगल लाइन’, कवी-गायक लेनर्ड कोहेनने. कोहेन ते गात नाही, वाचतो. ढोल नाहीत, मूग नाही, फक्त त्याचा खोल गेलेला म्हातारा आवाज आणि हॅन्कॉकचा पियानो. होल्डनचा सल्ला इतक्या शब्दशः कुणी पाळला नसेल. सुंदर आहे ते. पण ते संपलं की मी दर वेळी उठून जुनी रेकॉर्ड लावते, कारण वाचून झालेल्या त्या शब्दांखाली ढोल कुठे पडायला हवा होता ते कानाला ठाऊक झालेलं असतं.